दुकानदाराचे दुपारचे जेवण

जालन्याच्या बाजारात मे महिन्यात दुपारी गिऱ्हाईक थोडेच. तरी आपले अनेक दुकानदार आणि कारागीर जेवायला साडेतीन वाजवतात. तोवर दोन-तीन गोड चहा, मग हॉटेलची बिर्याणी आणि वर थंड्याची बाटली. मधुमेह असलेल्यांनी हा क्रम मोडलाच पाहिजे. इन्सुलिन किंवा साखरेच्या काही गोळ्या घेऊन उपाशी राहिल्यास साखर एकदम उतरते, घाम फुटतो, चक्कर येते. उशिरा भरपेट खाल्ले की तीच साखर चढते. वर्षानुवर्षे चढती राहिलेली साखर डोळ्याचा पडदा खराब करते, आणि शिंप्याची, घड्याळजीची रोजी तर डोळ्यावरच असते.

उपाय महाग नाही. आपल्या जिल्ह्यातील दगडी ज्वारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिची एक भाकरी, दुधी घातलेला कमी तेलाचा दालचा, काकडी-कांदा आणि ताक. जोहरनंतर पंधरा मिनिटांत जेवण उरकते. मात्र ज्वारी म्हणजे औषध नव्हे. तीन भाकऱ्या खाल्ल्यास साखर आणि वजन दोन्ही वाढणारच. मोसंबीही सोलून खावी, गाळून नव्हे. (सरबतात चार चमचे साखर ढवळून ‘उन्हासाठी’ म्हणणारे निराळेच!)

राहिला प्रश्न डब्याचा. चार दुकानांनी मिळून मोहल्ल्यातील एखाद्या भगिनीकडे महिन्याच्या बोलीवर डबे लावावेत. तिलाही चार पैसे मिळतील. खानावळवाल्यांनी भाकरी-दालच्याची थाळी बिर्याणीपेक्षा कमी दरात ठेवून पाहावी. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानातच बसले आहे.