मानधन नावाची कंजुषी

काही शब्द असे असतात की ते उच्चारले की देणाऱ्याचा हात खिशातून रिकामाच बाहेर येतो आणि तरीही त्याला दिल्याचे समाधान मिळते. ‘योद्धा’ हा त्यांतला एक. ‘मानधन’ हा दुसरा, आणि अधिक लबाड.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादेत (आता धाराशिव) ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. संत गोरोबांच्या नावाच्या नगरीत आम्ही सारस्वतांनी कष्टकऱ्यांच्या भाषेचे गोडवे गायिले. पुढे दोनच महिन्यांत, १७ मार्चला, तुळजाभवानीचे मंदिर भाविकांसाठी बंद झाले. २२ मार्चला थाळ्या वाजल्या, ३ मेला रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून फुले पडली, आणि ज्या आशा सेविका घरोघर फिरून ताप मोजत होत्या त्यांना आमच्या कवींनी ‘कोविड योद्धा’ ही पदवी बहाल केली. योद्ध्याला वेतन विचारण्याची रीत नाही. तो धारातीर्थी पडतो. महिनाअखेरीस पगारपत्रकावर सही करीत नाही. रूपकाने अर्थखात्याचे काम इतके हलके केल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस आठवत नाही.

आशा ही सरकारच्या लेखी ‘स्वयंसेविका’. म्हणून तिला मिळते ते वेतन नव्हे, मोबदला किंवा मानधन. मान आणि धन यांचा हा समास कोणता, हे व्याकरणाच्या तासाला विचारून पाहावे. व्यवहारात तरी पूर्वपदानेच उत्तरपद गिळलेले दिसते. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली. कुटुंब माझे, जबाबदारीही माझी. दारोदार जाऊन ऑक्सिजनची पातळी मोजायची मात्र आशाने. जून २०२१ मध्ये राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा संपावर गेल्या, तेव्हा आठवडाभराने पदरात पडली ती महिन्याला १,००० रुपयांची वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता. पुढे मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातील आशांचा गौरव केला. म्हणजे पुन्हा मानच.

पैसा नव्हता असे कोणी म्हणू नये. शिर्डीच्या संस्थानाने मार्च २०२० मध्येच मुख्यमंत्री साहाय्यता निधीला ५१ कोटी रुपये जाहीर केले. सामान्य माणसांनी आपापल्या परीने दिले. त्या दानतीला आम्ही नावे ठेवीत नाही. आमचे भांडण निधीच्या तऱ्हेशी आहे. कंपन्यांनी पीएम केअर्सला दिलेली देणगी सामाजिक दायित्वाच्या खर्चात धरली गेली, मुख्यमंत्री निधीला दिलेली धरली जाणार नाही असा खुलासा एप्रिल २०२० मध्ये झाला. अर्थात पैशाने दिल्लीची वाट धरली. आणि तो निधी भारत सरकारचा नव्हेच, असे प्रतिज्ञापत्र सप्टेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाखल झाले! त्याच निधीतली म्हणून औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात आलेली व्हेंटिलेटर सदोष असल्याची तक्रार मे २०२१ मध्ये तिथल्या खंडपीठापुढे गाजली. यंत्राचे छायाचित्र निघते, त्याच्यावर देणगीदाराचे नाव चिकटविता येते. गावोगाव चालणाऱ्या बाईच्या चपलेवर ते कुठे चिकटविणार?

तुळजापुरात राहणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. परडी घेऊन जोगवा मागणाऱ्याचे पोट यात्रेवर असते. २०२०चे नवरात्र भाविकांविना गेले तेव्हा परडी रिकामी राहिली. देवीची कृपा आटली म्हणून नव्हे, गर्दी आटली म्हणून. संकटातली देणगी हुबेहूब अशीच वागते. भीतीची गर्दी असते तोवर ती वाहते, आणि दुसऱ्या लाटेनंतर, जेव्हा विधवा, कर्ज आणि खोकला मागे उरतो, तेव्हा ती घरी निघून गेलेली असते. जोगव्याला श्रद्धेचे अधिष्ठान तरी आहे. आरोग्यसेवा जोगव्यावर चालविण्याला कशाचे आहे?

याच तालुक्यातल्या अणदूर येथे हॅलो मेडिकल फाउंडेशनने, शशिकांत आणि शुभांगी अहंकारी या डॉक्टर दांपत्याच्या पुढाकाराने, कमी शिकलेल्या खेडूत स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. शब्द पाहा: योद्धा नव्हे, सेविका नव्हे, वैद्य. वैद्य म्हटले की ज्ञान मान्य करावे लागते, आणि ज्ञानाची किंमत देण्याची सोय भाषेतच होऊन जाते. अशी माणसे तयार व्हायला वर्षे लागतात. साथ आल्यावर उघडलेल्या खात्यातून ती विकत मिळत नाहीत.

यावर सावित्रीबाईंचे नाव हमखास पुढे केले जाते. १८९७ साली प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्या गेल्या. त्यांनी कुठे वेतन मागितले? प्रश्न निर्लज्ज आहे. त्यांनी सत्तेची उणीव स्वतःच्या देहाने भरून काढली. ती उणीव तशीच ठेवण्याचा परवाना म्हणून त्यांची तसबीर वापरणे हे स्मरण नव्हे.

संमेलनांत ठराव मांडण्याची आपली जुनी परंपरा आहे. पुढल्या संमेलनात एक ठराव असा यावा की शासनाच्या कागदांतून आरोग्यकर्मींपुरता ‘मानधन’ हा शब्द काढून तेथे ‘वेतन’ लिहावा, आणि त्याची तरतूद निधीत नव्हे, अर्थसंकल्पात करावी. सूचक आम्ही होतो. अनुमोदक हवा आहे.