भेडाघाटचा पांढरा दगड

सहावी-सातवीच्या वर्गात शिकविल्या जाणाऱ्या विषयांत भूविज्ञानाइतका दुर्दैवी विषय दुसरा नसावा. वनस्पतिशास्त्राच्या वाट्याला निदान कुंडीतले रोपटे येते, प्रकाशाच्या धड्याला एखादा आरसा मिळतो. परंतु जिच्यावर पाय ठेवून मूल रोज शाळेत जाते त्या पृथ्वीची ओळख त्याला एका गोल आकृतीवरून करून दिली जाते. आकृतीत तीन कडी असतात : कवच, प्रावरण आणि गाभा. त्यांत रंग भरावयाचे, खडकांचे तीन प्रकार पाठ करावयाचे, प्रत्येकाची दोन उदाहरणे लिहावयाची, की धडा संपला. पुढच्या आठवड्यात वारे सुरू होतात.

माझी पुतणी जबलपूरच्या एका हिंदी माध्यमाच्या शाळेत सातवीत आहे. आमचे घराणे तीन पिढ्यांपासून त्या शहरात राहते. उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर हिंदी असा आमचा जुना शिरस्ता. त्यामुळे पोरीजवळ प्रत्येक वस्तूला दोन नावे असतात. शाळेतील ‘आग्नेय, अवसादी, कायांतरित’ हे घरी ‘अग्निजन्य, गाळाचे, रूपांतरित’ होतात. चाचणी परीक्षेत तिने हे तीनही प्रकार उदाहरणांसह बिनचूक लिहिले आणि पैकीच्या पैकी गुण मिळविले. संध्याकाळी ती उत्तरपत्रिका दाखवीत असता मी सहज विचारले, “आपल्या दाराच्या पायरीचा दगड यांपैकी कोणता गं?”

“तो पुस्तकात नाहीये, काका,” ती म्हणाली.

तिचे उत्तर चूक नव्हते. पायरीचा दगड खरोखरच पुस्तकात नव्हता.

या शहरात तरी असे घडावे याचे मला विशेष नवल वाटते. जबलपूरइतके भूविज्ञानाला अनुकूल शहर भारतात शोधूनही क्वचितच सापडेल. मदनमहालच्या टेकड्या ग्रॅनाइटच्या. म्हणजे भूगर्भात खोलवर सावकाश थंड होत गेलेल्या शिलारसाच्या. तेथे एका प्रचंड शिळेवर दुसरी शिळा अगदी थोडक्या टेकूवर तोल सांभाळून बसली आहे. ती कोणी राक्षसाने ठेवलेली नाही. ऊन, पाऊस आणि वारा यांनी भेगांमधून खडक झिजवीत नेला आणि जे उरले ते तसे उरले. शहरापासून थोड्या अंतरावर भेडाघाटला नर्मदा संगमरवराच्या उंच कड्यांमधून वाहते. लम्हेटा घाटाचे नाव तर भूवैज्ञानिकांनी एका संपूर्ण खडकसमूहाला दिले आहे. त्याच खडकांच्या टापूत, शहरालगतच्या एका टेकडीवर, १८२८ साली कॅप्टन स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला काही अश्मीभूत हाडे सापडली. ती डायनोसॉरची होती. परंतु ‘डायनोसॉर’ हा शब्दच तोवर जन्मला नव्हता. १८७७ साली लिडेकर या शास्त्रज्ञाने त्या प्राण्याला ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असे नाव दिले. पुढे त्यांतील एक मणका संग्रहातून दिसेनासा झाला आणि २०१२ साली कोलकात्यात, १८५१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भांडारात, पुन्हा हाती लागला. इतके सारे ज्या गावच्या सीमेत आहे, तेथील मुलाने खडकाचे उदाहरण म्हणून इटलीचा संगमरवर लिहावा!

सुदैवाने यंदा शाळेत एक नव्या शिक्षिका आल्या. त्यांनी वर्ग भेडाघाटला नेला. सोबत सौम्य आम्लाची एक लहानशी बाटली घेतली आणि ती शेवटपर्यंत स्वतःच्याच हातात ठेवली. (हे मुद्दाम नमूद करतो, कारण घरी असा प्रयोग करू पाहणारी मुले आणि त्यांना बाटली आणून देणारे हौशी पालक, दोघेही माझ्या परिचयाचे आहेत.) घाटावर मूर्ती व पेट्या कोरणाऱ्या कारागिरांची दुकाने आहेत, त्यांच्याकडून पांढऱ्या दगडाच्या कपच्या मागून घेतल्या. पुस्तकात वाक्य होते : चुनखडी व संगमरवर यांवर आम्लाचा थेंब टाकला असता बुडबुडे येतात. बाईंनी थेंब टाकला. चाळीस डोकी त्या कपचीवर वाकली.

काहीही झाले नाही.

थेंब दगडावर पाण्यासारखा पडून राहिला. मुले हसू लागली. एकाने आम्ल शिळे झाल्याचा निर्णय दिला. दुसऱ्याने हा संगमरवरच नव्हे, दुकानदाराने फसविले, असे सांगितले. आता बाई पुस्तकातील कारण सांगून मोकळ्या होतील, अशी सर्वांची अपेक्षा होती. त्यांनी उलट विचारले, “आम्ल शिळे आहे की नाही, हे कसे ठरवाल?”

या प्रश्नावर वर्ग बराच वेळ गप्प होता, असे पुतणीने मला सांगितले. शेवटी एका मुलीने काठावरचा रिकामा शिंपला आणला. शिंपला चुन्याचाच असतो, हे तिला पानाच्या चुन्यावरून ठाऊक होते. तिच्या आजोबांच्या गावी शिंपले भाजून चुना करीत. शिंपल्यावर थेंब पडताच तो फसफसला. म्हणजे आम्ल ठीक होते. संशय दगडाकडे वळला. मग बाईंनी एक खिळा दिला आणि कपचीचा पृष्ठभाग खरवडावयास सांगितले. पांढरी भुकटी जमली. तिच्यावर थेंब टाकल्यावर हळूच, कान जवळ नेला तरच ऐकू येईल अशी, बारीक सळसळ सुरू झाली आणि टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे दिसू लागले.

कारण असे की भेडाघाटचा संगमरवर केवळ चुन्याचा नाही. त्यात कॅल्शियमच्या जोडीला मॅग्नेशियमही आहे. त्या खनिजाला डोलोमाइट म्हणतात. थंड व सौम्य आम्लाला ते सहसा दाद देत नाही. भुकटी केली म्हणजे आम्लाला भिडणारा पृष्ठभाग अनेकपटींनी वाढतो आणि मग क्रिया डोळ्यांना दिसते. खडीसाखरेचा खडा दुधात उशिरा विरघळतो आणि पिठीसाखर तात्काळ, हे ज्या घरात माहीत आहे तेथे याहून अधिक स्पष्टीकरण नको.

पुतणीच्या वहीत त्या दिवसाची नोंद आहे. पहिले वाक्य असे : ‘संगमरवरावर थेंब टाकला. काही झाले नाही.’ तिच्या वर्षभराच्या लेखनात मला हे वाक्य सर्वांत मोलाचे वाटते. पुस्तकात लिहिलेले घडले नाही, असे लिहावयास धैर्य लागते, आणि पुढे ‘असे का?’ हे विचारावयास त्याहून अधिक.

त्यानंतर आमचे घर हीच प्रयोगशाळा झाली. मोह्स या शास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची दहा पायऱ्यांची श्रेणी मांडली. तिच्यातील खालच्या पायऱ्या स्वयंपाकघरातच पडताळता येतात. नखाची कठीणता अडीचच्या आसपास, तांब्याच्या नाण्याची तीनच्या, चाकूच्या पात्याची साडेपाचच्या. अंगाला लावण्याची पावडर ज्याची होते ते शंखजिरे नखाने सहज ओरखडते. गारगोटीवर चाकू चालत नाही, उलट गारगोटीच काचेवर रेघ ओढते. देवघरातील सैंधवाचा खडा कोणे एके काळी आटलेल्या समुद्राचा अवशेष आहे, हे ऐकून आमच्या मातुःश्री उपवासाच्या दिवशी तो खडा उजेडात धरून पाहू लागल्या. त्यांचा पाटा दक्षिणेतून, माहेरून आलेला. काळा, जड, बारीक छिद्रांचा. तो बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूमीला पडलेल्या भेगांतून लाव्हा पुनःपुन्हा वाहिला आणि त्याच्या थरांवर थर चढून दख्खनचे पठार बनले. त्या थरांचा विस्तार आजही सुमारे पाच लक्ष चौरस किलोमीटर आहे. आणि दाराची पायरी? भिंग लावून पाहता तीत गारगोटीचे काचेसारखे, फेल्स्पारचे दुधी-गुलाबी आणि अभ्रकाचे चमकते कण वेगवेगळे दिसले. ती ग्रॅनाइटची निघाली.

वर्षांच्या या मोठ्या आकड्यांनी मात्र पोरीला छळले. कोटी आणि अब्ज हे शब्द मुलाला सारखेच मोठे वाटतात. मोठ्यांनाही वाटतात, ते कबूल करीत नाहीत एवढेच. यावर तोड तिच्या आजीने काढली. ट्रंकेत तिच्या सासूबाईंची नऊवारी लुगडी होती. दहा लक्ष वर्षांना एक सेंटिमीटर धरले, तर पृथ्वीचे सुमारे ४५४ कोटी वर्षांचे वय ४५ मीटर ४० सेंटिमीटर भरते. म्हणजे एकास एक जोडलेली साधारण साडेपाच लुगडी. गच्चीत ती मावेनात, तेव्हा दोरीवर येरझाऱ्या घालून वाळत टाकल्यासारखी मांडली. मदनमहालचा ग्रॅनाइट नि भेडाघाटचा संगमरवर शंभर कोटी वर्षांहून जुने. ते शेवटच्या टोकापासून दहा मीटरांच्याही मागे गेले. डायनोसॉरांचा अंत आणि आजीच्या पाट्याचा जन्म, दोन्ही शेवटच्या पदरात, टोकापासून ६६ सेंटिमीटरांवर आले. मनुष्यजातीचे सुमारे तीन लक्ष वर्षांचे आयुष्य भरले तीन मिलिमीटर. पदराच्या काठाचे शेवटचे काही धागे. आजी त्या धाग्यांवरून बराच वेळ बोट फिरवीत राहिली.

येथवर सारी गंमत होती. पुढचा धडा भूकंपाचा.

दक्षिणेचे पठार फार जुने, म्हणून स्थिर, ही समजूत दीर्घकाळ रूढ होती. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने तिला तडा गेला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली. ६.२ प्रतीच्या त्या धक्क्याने हजारो माणसे झोपेतच गेली. कारण मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे अवजड माळवद, अशी तेथील घरांची रीत होती. भिंतीचे आतले नि बाहेरचे थर एकमेकांत गुंतलेले नव्हते. ते सुटले आणि छत खाली आले. मातुःश्रींचे माहेर औशाकडचे. किल्लारीचे नाव निघाले की त्या आजही हातातले काम खाली ठेवतात. आणि २२ मे १९९७ रोजी पहाटे खुद्द जबलपूरला ५.८ प्रतीचा धक्का बसला. या भागातील सुमारे चाळीस माणसे दगावली. नर्मदेचे खोरे भूकवचाच्या एका प्राचीन दुर्बळ पट्ट्याला धरून आहे, आणि त्या भूकंपाचे केंद्र जमिनीखाली सुमारे ३५ किलोमीटर खोल होते. मदनमहालची ती तोललेली शिळा मात्र जागची हलली नाही.

हा धडा सुरू असतानाच आमच्या घरी वर एक खोली चढविण्याचा बेत पक्का झाला होता. विटा अंगणात येऊन पडल्या होत्या. पुतणीने मिस्त्रींना विचारले, “खालच्या भिंतीत चुना आहे की माती?” मिस्त्री भला माणूस. तो हसून म्हणाला, “बेटा, साठ वर्षे उभी आहे. हिला काय होते?”

“मग १९९७ मध्ये पण इथेच होती ना?” तिने विचारले. “तेव्हा हिला काय झालं होतं?”

त्या वर्षी मी नोकरीनिमित्त परगावी होतो. मला माहीत नव्हते. भाऊ काही बोलला नाही. मातुःश्री उठल्या आणि मधल्या खोलीतले कपाट सरकवावयास सांगितले. कपाटामागे, खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत तिरपी गेलेली एक भेग होती. चुन्याने लिंपलेली, वर कित्येक दिवाळ्यांची सफेदी बसलेली. “तुझ्या आजोबांनी बुजवली होती,” त्या म्हणाल्या. “घरात कोणाला भीती वाटू नये म्हणून कपाट पुढे आणलं.”

भावाने दुसऱ्या दिवशी एका अभियंत्याला बोलाविले. त्यांनी एका जागी गिलावा काढून पाहिला. आत दगड आणि माती. या भिंतीवर नवे ओझे घालू नये, हा त्यांचा पहिला सल्ला. आधी खिडक्या-दरवाज्यांच्या माथ्याशी चारही भिंतींना कवेत घेणारा लोखंडी सळ्यांचा नि सिमेंटचा पट्टा द्यावा, जागोजाग भिंतीच्या आरपार जाणारे सांधे घालावे, म्हणजे घर हादरले तरी पेटीसारखे एकसंध हलेल. खर्चाचा आकडा ऐकून भाऊ गप्प झाला. नव्या खोलीसाठी जमविलेली रक्कम जवळजवळ सारी त्यातच जाईल, आणि ज्याच्यासाठी खोली हवी होती त्या थोरल्या मुलाचे लग्न माघात आहे. घरात यावर अद्याप एकमत नाही. विटा अंगणातच आहेत.

अभियंत्यांनी जाताना भेगेवर काचेची एक अरुंद पट्टी दोन्ही टोकांशी प्लॅस्टरने आडवी बसवून दिली. भेग रुंदावली तर काच तडकते. पुतणीने तिच्याशेजारी भिंतीवर पेन्सिलीने तारीख लिहिली आहे. कपाट आता पुन्हा तेथे ठेवू द्यावयास ती तयार नाही, आणि आजी तिच्या बाजूची आहे.