आधी पैसे, मग भूक

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात ऑर्लँडो शहरानजीक वसलेल्या 'वॉल्ट डिस्ने वर्ल्ड' या करमणूकनगरीने आपली आगाऊ भोजन योजना ९ जानेवारी २०२४ पासून पुन्हा सुरू केली. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे तेथील उद्याने बंद झाली, तेव्हा ही योजनाही थांबली. उद्याने त्याच वर्षीच्या जुलैत उघडली. योजना मात्र पुढे साडेतीन वर्षे परतली नाही. ती परतताच 'ही घेणे परवडते काय?' हा जुना वादही परतला. २०२६ सालच्या सहलींसाठी तर मोठ्या माणसांनी योजना विकत घेतल्यास तीन ते नऊ वर्षांच्या मुलांना ती विनामूल्य देण्याचे कंपनीने जाहीर केले, त्यामुळे या प्रश्नाला अधिकच धार आली आहे.

दूरदेशीच्या एका करमणूक उद्यानातील जेवणाच्या हिशेबाची चर्चा येथे कशाला, असे कोणी विचारील. ज्यांची मुले अमेरिकेत स्थायिक झाली आहेत अशी मध्यमवर्गीय मराठी कुटुंबे आता थोडीथोडकी नाहीत, आणि नातवंडांना भेटायला गेलेल्या आजी-आजोबांच्या मुक्कामात फ्लॉरिडाची फेरी बहुधा होतेच, हे एक कारण झाले. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. सेवा घेण्यापूर्वीच तिचे सगळे पैसे मोजावयाचे हा रिवाज व्यायामशाळेपासून शिकवणी वर्गापर्यंत आपल्याही जीवनात शिरला आहे. महिन्याच्या ठराविक पगारावर संसार करणाऱ्याला तो सोयीचा वाटतो. ही सोय नेमकी कोणाची, हे डिस्नेच्या योजनेत जितके स्वच्छ दिसते तितके इतरत्र क्वचितच दिसते.

योजना दोन प्रकारची आहे. धाकट्या योजनेत दर रात्रीच्या मुक्कामामागे प्रत्येकी दोन वेळचे काउंटरवरून घ्यावयाचे जेवण आणि एक किरकोळ खाद्यपदार्थ वा पेय मिळते. थोरल्या योजनेत एक जेवण काउंटरवरचे, एक टेबलावर वाढले जाणारे, आणि वर तोच एक पदार्थ. दोन्हींत हॉटेलात पुन्हापुन्हा भरून घेता येणारा एक पेला. २०२४ साली धाकट्या योजनेचा दर मोठ्या माणसास रात्रीला ५७.०१ डॉलर आणि मुलास २३.८३ डॉलर होता; थोरल्या योजनेचा ९४.२८ आणि २९.६९ डॉलर. आई, वडील आणि आठ वर्षांचे मूल यांच्या पाच रात्रींच्या मुक्कामाला थोरली योजना १,०९१.२५ डॉलरांना पडे. म्हणजे त्या वेळच्या विनिमय दराने नव्वद हजार रुपयांच्या घरात. त्याच मुलाला दहावे वर्ष लागून पुरे झाले असेल तर कंपनीच्या लेखी ते प्रौढ ठरते, आणि बिलात ३२२.९५ डॉलरांची भर पडते. मुलाची भूक एका वाढदिवसाने तिपटीहून अधिक वाढते असे मानणारे दुसरे शास्त्र आमच्या ऐकिवात नाही.

आता मुख्य हिशेब. जाहिरातीच्या ओघात ग्राहक काय करतो? भोजनपत्रिकेवरील सर्वांत महागडे पदार्थ निवडतो, त्यांची बेरीज करतो आणि 'बघा, इतके डॉलर वाचले' असे म्हणतो. ही रीतच चुकीची आहे. तुलना करावयाची ती योजना नसती तर आपण जे खाल्ले असते त्याच्या किमतीशी. समजा, काउंटरवरचे जेवण पेयासह वीस डॉलरांचे, किरकोळ पदार्थ सात डॉलरांचा, आणि पेल्याचा रोजचा वाटा चार डॉलर धरला. मग ९४ डॉलर वसूल व्हावयास टेबलावरचे एक जेवण त्रेसष्ट डॉलरांचे हवे. मुख्य पदार्थ, गोड पदार्थ आणि साधे पेय एवढ्यावर समाधान मानणाऱ्याचे बिल इतके होत नाही. शाकाहारी माणसाचे तर नाहीच नाही. योजनेतील पेयाच्या जागी एकवीस वर्षांवरील व्यक्तीस मद्य घेण्याची मुभा २०१८ पासून आहे. तेव्हा दोन्ही जेवणांसोबत मद्य घेणाऱ्याचा हिशेब जुळतो, आणि न घेणारा मात्र त्याच किमतीत शीतपेय पितो. एकादशी करणाऱ्या आजीबाईंचाही दर तोच. कारण खोलीत राहणाऱ्या तीन वर्षांवरील सर्वांनी ती घेतलीच पाहिजे, एकाने घ्यावी व दुसऱ्याने सोडावी असे चालत नाही.

यावर एक अपवाद प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. मिकी माऊस आणि त्याचे सवंगडी टेबलाशी येऊन मुलांशी हस्तांदोलन करतात अशी काही उपाहारगृहे तेथे आहेत. त्यांतील भोजन मोठ्या माणसास साठ डॉलरांच्या पुढे जाते, मुलास चाळिसाच्या आसपास, आणि योजनेत ते टेबलावरच्या एका जेवणातच बसते. ज्या कुटुंबाला लहान मुलांसाठी अशा ठिकाणी रोज जावयाचे आहे, त्याला योजना लाभदायक ठरू शकते. मुलाच्या दरात तर लाभ उघडच आहे. परंतु हा लाभ ज्या दारातून येतो त्याच दारात आईवडिलांचे प्रत्येकी ९४ डॉलर उभे असतात. मुलांना विनामूल्य भोजन देण्यामागचे व्यापारी शहाणपण येथे आहे. शिवाय बक्षिसी वेगळी. २००८ पूर्वी ती योजनेतच धरलेली होती, आणि जेवणाआधीचा पदार्थही. त्या वर्षी दोन्ही गोष्टी वगळल्या गेल्या. सहा किंवा अधिक माणसे टेबलाशी बसली की अठरा टक्के बक्षिसी बिलातच लागते. 'सारे काही आधीच भरले आहे' ही निश्चिंती इतपतच खरी.

डिस्नेच्या व्यवसायाला ही विद्या नवी नव्हे. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात पहिले उद्यान उघडले, त्याच वर्षी तिकिटांची पुस्तिका निघाली. पुढे तीत 'ए'पासून 'ई'पर्यंत पाच वर्ग झाले. 'ई'ची तिकिटे सर्वांत रोमांचक खेळांची, ती पहिल्याच दिवशी संपत. 'ए'ची तिकिटे घरी परत जात आणि कपाटात पडून राहत. १९८२ साली ही पद्धत बंद होऊन एकाच प्रवेशमूल्यात सर्व खेळ खुले झाले. प्रवेशाला अधिक आकारावे की प्रत्येक खेळाला, हा प्रश्न इतका रोचक आहे की वॉल्टर ओय या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ साली डिस्नेलँडचेच उदाहरण शीर्षकात घेऊन त्यावर निबंध लिहिला, आणि तो आजही दरनिश्चितीच्या अभ्यासात प्रमाण मानला जातो.

माणसे तरीही आगाऊ पैसे का मोजतात? ती मूर्ख असतात म्हणून नव्हे. ड्रेझन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९८ साली दाखवून दिले की पैसे देण्याची एक वेदना असते, आणि सुटीसारख्या सुखाच्या गोष्टीसाठी ती वेदना आधीच संपवून टाकणे लोकांना आवडते. प्रत्येक घासागणिक रुपयांत भाषांतर करीत बसणाऱ्या आजोबांना घेऊन ज्याने परदेशात प्रवास केला आहे, त्याला हे वेगळे समजावून द्यावे लागणार नाही. परंतु याच स्वभावाची दुसरी बाजू आहे. अमेरिकेतील व्यायामशाळांच्या सभासदांचा अभ्यास डेलाविन्या आणि माल्मेंडियर यांनी २००६ साली प्रसिद्ध केला. महिन्याला सत्तर डॉलरांहून अधिक भरणारे सभासद सरासरी सव्वाचार वेळाच जात. प्रत्येक खेपेला त्यांना सतरा डॉलरांहून अधिक पडत, आणि दर खेपेला दहा डॉलर देऊन जाण्याची सोय तेथेच उपलब्ध होती. आपण पुढे किती वापरू याचा अंदाज माणूस नेहमी आशेने करतो. विक्रेता तो अनुभवाने करतो.

पुण्या-मुंबईत एकट्याने राहून शिकलेल्या वा नोकरी केलेल्या मराठी माणसाला आगाऊ भोजनाचा व्यवहार काही अपरिचित नाही. खानावळीचे पैसे महिन्याच्या आरंभीच भरावयाचे असतात. पण तेथे 'खाडा' नावाची एक गोष्ट असते. गावी जाणार असल्याचे आदल्या दिवशी सांगितले तर त्या दिवसांचे पैसे वजा होतात किंवा पुढच्या महिन्यात वळते होतात. खाडा किती दिवसांचा धरावा, रविवारच्या फीस्टचा धरावा की नाही, यावर हुज्जत होते, कधी अबोलाही होतो. तथापि न खाल्लेल्या जेवणाचे पैसे मूलतः जेवणाऱ्याचे, हे तत्त्व दोन्ही पक्षांना मान्य असते. डिस्नेच्या योजनेत खाडा नाही. मुक्काम सोडण्याच्या दिवशी मध्यरात्री उरलेली सर्व जेवणे रद्द होतात, आणि त्यांचा परतावा मिळत नाही. मूल तापले, पाऊस लागला, उन्हाने जेवणावरची वासनाच उडाली, तरी तोटा ग्राहकाचा. म्हणूनच शेवटच्या दिवशी हॉटेलच्या दुकानात गोळ्या-चॉकलेटांच्या पुड्या गोळा करणारी कुटुंबे दिसतात: भूक नसते, पण हक्क बुडू द्यावयाचा नसतो.

अमेरिकेतील कायदा या बाबतीत अगदीच उदासीन आहे असे नव्हे. २००९ च्या क्रेडिट कार्डविषयक संघीय कायद्याने भेटकार्डावरील रक्कम किमान पाच वर्षे वैध ठेवण्याचे बंधन घातले. म्हणजे याच कंपनीचे शंभर डॉलरांचे भेटकार्ड विकत घेतले तर ते पाच वर्षे सुरक्षित. तेच शंभर डॉलर भोजन योजनेत गुंतवले तर त्यांचे आयुष्य मुक्कामापुरते. तो कायदा भेटकार्डांपुरता आहे, सहलीच्या एकत्रित व्यवहारातील जेवणांपुरता नाही. ज्याला खर्च आधीच बाजूला काढून ठेवण्याचे समाधान हवे, त्याने भेटकार्डे घेऊन जावीत. समाधान तेच मिळते आणि उरलेले पैसे हातचे जात नाहीत.

यात योजनेच्या बाजूने जे म्हणता येईल ते एवढेच, की नेमका खर्च आधी कळणे ही पगारदार माणसाला खरोखरच मोलाची गोष्ट आहे, आणि त्यासाठी दिवसाला पाचदहा डॉलर अधिक मोजणे कोणाला मान्य असेल तर त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्याने ती किंमत म्हणून मोजावी, बचत म्हणून नव्हे. तीन ते नऊ वर्षांचे मूल सोबत असेल तर योजनेतील आणि योजनेबाहेरील दोन्ही बेरजा कागदावर मांडून पाहाव्यात, आणि मुलांच्या विनामूल्य भोजनासाठी खोलीच्या भाड्यावरील सवलत सोडावी लागते काय, हेही त्याच कागदावर लिहावे. पूर्वीच्या विनामूल्य भोजनाच्या सवलतींत ती सोडावी लागत असे. मुले नसलेल्या, मद्य न घेणाऱ्या, बेताने जेवणाऱ्या मंडळींना कागदाचीही गरज नाही. काचेची भांडी आणि मद्य वगळता बाहेरचे खाद्यपदार्थ त्या उद्यानांत बरोबर नेता येतात (आपल्याकडील चित्रपटगृहांच्या चालकांनी हे जरूर वाचावे), आणि काउंटरवर मागितल्यास बर्फाचे पाणी विनामूल्य मिळते.