शोधूनही न मिळणारा डबा



मॉडेल रेल्वेच्या व्हिडिओनंतर एक प्रश्न सारखा येतोय: "सर, असल्या छंदाला गिऱ्हाईक तरी किती?" कमी. मान्य! पण माझं मत ऐका. गिऱ्हाईक किती, यापेक्षा ते किती दिवस ती वस्तू शोधतंय, हे आधी विचारा.

१९३० ची डेक्कन क्वीन घरच्या रुळांवर पळवायचीय, अशा माणसाचं बघा. इंजिनावर तो एकवेळ तडजोड करेल. पण डबे? सुरुवातीच्या दोन्ही गाड्या सात-सात डब्यांच्या. एक चंदेरी, दुसरी निळी, सोनेरी रेघांची. हे असे डबे दुकानात मिळत नाहीत.

दुसरं उदाहरण आणखी जवळचं. पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ पासून बनलेले आयसीएफ डबे. आधी तांबडे-तपकिरी, नंतर निळे. २०१८ मध्ये त्या धाटणीचं उत्पादन तिथे थांबलं, आता एलएचबीचा जमाना. म्हणजे ज्या डब्यात बसून आपण मामाकडे गेलो, तोच आता 'व्हिंटेज' झालाय.

"मग थ्रीडी प्रिंटर घेऊ?" थांबा! पोरं इथेच फसतात. घरचं सोनं गहाण टाकून मशीन आणतात आणि मापं नंतर शिकतात.

आधी गणित करा. एचओ म्हणजे १:८७. खरा आयसीएफ डबा सुमारे २१.३ मीटर, म्हणून मॉडेल २४५ मिलिमीटर. एवढा लांब डबा १८ इंच त्रिज्येच्या वळणावर अडचणीत येतो. अमेरिकेतल्या एनएमआरए संघटनेच्या शिफारशीप्रमाणे या लांबीला वजन हवं अंदाजे १६५ ग्रॅम. नुसतं पोकळ कवच हलकं पडतं आणि रुळावरून उतरतं. आणि आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे मॉडेलात १९.३. बाजारात मिळणारा एचओ रूळ मात्र १६.५ चा.

हा फरक गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगा. लपवलात, तर जाणकार पहिल्या फोटोतच पकडतो. छोट्या बाजारात सगळे एकमेकांना ओळखतात. एकदा नाव गेलं की गेलंच.

माझा सल्ला: चाकं, बोगी, कपलिंग तयार घ्या. कवच, खिडक्या आणि रंग तुमचे. प्रिंट बाहेरून काढून घ्या. एकच डबा बनवा, तो महिनाभर चालवून बघा, मग आगाऊ पैसे घेऊन पुढचे सहा. नोकरी एवढ्यात सोडू नका. या धंद्यावर पहिल्या वर्षी घर चालेल, असं मी म्हणणार नाही.

गृहपाठ: पुण्यात कोथरूडला १९९८ मध्ये सुरू झालेलं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. तिथे जाऊन या. गाड्या बघाच, पण त्याहून जास्त बघायला आलेल्या लोकांकडे बघा. कोणता डबा दिसला की माणूस थबकतो? तो डबा वहीत लिहा. तुमचा पहिला माल तोच.