ऑपरेशननंतरची पहिली रात्र

“सिस्टर, आत्ताच तिचा डोळा लागलाय. बीपी सकाळी बघा ना!” पनवेलच्या वॉर्डात रात्रपाळीला ही विनवणी मी कितीतरी वेळा ऐकली आहे. त्यामागची माया कळते. तरीही पहिल्या रात्री ही झोपमोड का करावी लागते, ते आज सांगते.

काही वर्षांपूर्वी उरणकडच्या एका खालांची गर्भपिशवी काढली होती. संध्याकाळी इयादतीला आलेल्या नातेवाइकांनी खाट वेढली होती. पाच वाजता नाडी ८८ होती, सहाला १०४, साडेसहाला १२२. बीपी मात्र ११०/७०. “बीपी तर नॉर्मल आहे, मग घाबरवता कशाला?” भावाने विचारलं. मुलगी हळूच म्हणाली, “अम्मी सारखी तळमळतेय, पाणी मागतेय. हातही गार लागतात.” डॉक्टरांना ताबडतोब बोलावलं. पोटात आतल्या आत रक्त जात होतं. पुन्हा ऑपरेशन करावं लागलं, रक्त चढवलं. आठवड्यानंतर खाला आपल्या पायांनी घरी गेल्या.

रक्त कमी होऊ लागलं की हृदय जोरात धावतं आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. त्यामुळे बीपी सावरलेलं दिसतं. धडधाकट माणसाचं जवळजवळ ३० टक्के रक्त जाईपर्यंत ते फारसं न उतरण्याचीही शक्यता असते. म्हणून एकाच आकड्यावर विसंबता येत नाही; तो आधीच्या आकड्यांशी ताडून पाहावा लागतो. सुरुवातीला दर १५ मिनिटांनी, मग अर्ध्या तासाने, मग तासाने तपासतात ते यासाठीच.

मोठ्या माणसाची शांत असताना नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २० असतात. श्वास पूर्ण मिनिटभर मोजावा. वेदनेच्या जोरकस इंजेक्शनाने तो मंदावू शकतो. श्वास १० च्या खाली गेला, हाक मारूनही रुग्ण नीट जागा होत नसेल, तर ती गाढ झोप समजू नका. लगेच सिस्टरला बोलवा. लघवीही मोजतात: ६० किलोच्या माणसाला तासाला साधारण ३० मिलिलिटर तरी व्हायला हवी.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा. बीपीच्या काही गोळ्या नाडी वाढू देत नाहीत, म्हणून चालू गोळ्यांची नावं डॉक्टरांना द्या. गडद नेलपॉलिश किंवा काळ्या मेंदीमुळे बोटावरचं ऑक्सिजनचं यंत्र चुकू शकतं. निदान एक बोट कोरं ठेवा.

घरी गेल्यावर १००.४ च्या वर ताप, धाप, छातीत दुखणं, पोटरीला सूज, जखमेतून पू किंवा रक्त, लघवी न होणं किंवा वाढत जाणारी वेदना दिसली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. पेण-कर्जतच्या आतल्या गावातून निघायला रात्री वाहन मिळत नसेल तर १०८ ला फोन करा.

इयादतीला जरूर या, पण एका वेळी दोघंच. आणि जवळ बसणाऱ्याने त्या मुलीसारखं रुग्णाकडे लक्ष ठेवावं. “अम्मी नेहमीसारखी वाटत नाही” एवढंच सांगितलंत तरी आम्ही धावत येऊ.