पूर्वपदावर कोण आले?

जगातील विलासनौकांचा धंदा महासाथीच्या तडाख्यातून सावरून पूर्वपदावर आला, इतकेच नव्हे तर पूर्वपदाच्याही पुढे गेला, अशी द्वाही गेली दोन-तीन वर्षे फिरवली जात आहे. नौकामालकांच्या जागतिक संघटनेने प्रसिद्ध केलेले आकडे असे आहेत : २०१९ साली २ कोटी ९७ लाख उतारू, २०२० साली ५८ लाख, २०२१ साली ४८ लाख, २०२२ साली २ कोटी ४ लाख, २०२३ साली ३ कोटी १७ लाख आणि २०२४ साली ३ कोटी ४६ लाख. इतक्या खोल गर्तेत पडून इतक्या त्वरेने वर आलेला दुसरा धंदा क्वचितच सापडेल. या आकड्यांच्या सत्यतेविषयी आमची मुळीच तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांवरून काढलेल्या निष्कर्षाविषयी.

'पूर्वपदावर येणे' हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांनी स्वस्त करून टाकला असला तरी कायद्याच्या दृष्टीने तो फार भारदस्त आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १४४ व्या कलमात पुनःस्थापनेची तरतूद आहे. एखादा हुकूमनामा वरच्या न्यायालयात फिरला, तर त्याच्या आधारे ज्याचे जे काढून घेतले गेले ते त्याला परत मिळाले पाहिजे, हा तिचा आशय. तेथे न्यायाधीश एकंदर व्यवहार तेजीत आहे काय असे विचारीत नाही. कोणाचे काय गेले आणि त्याला ते मिळाले काय, एवढेच तो पाहतो. विलासनौकांच्या बाबतीत हाच प्रश्न विचारण्याचा आमचा इरादा आहे. कारण उत्तराशी गोमंतकातील, सिंधुदुर्गातील आणि रत्नागिरीतील सहस्रावधी घरांचा थेट संबंध आहे.

प्रथम २०२० सालाकडे वळू. त्या फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' ही नौका अडकून पडली. तीवर ३,७११ माणसे होती आणि त्यांपैकी ७१२ जणांना बाधा झाली. उतारूंना आपापल्या खोल्यांत कोंडून घेण्याचा हुकूम सुटला. परंतु त्यांच्या दाराशी ताटे नेणारे, ती परत आणून धुणारे, पाकशाळेत राबणारे खलाशी मात्र कामावरच होते. ते एकत्र जेवत होते आणि दाटीवाटीच्या खोल्यांत निजत होते. उतारूंच्या रक्षणासाठी आखलेल्या त्या योजनेत खलाशाच्या रक्षणाला जागाच ठेवलेली नव्हती. या नौकेवर भारतीय किती होते? १३८; आणि त्यांत उतारू अवघे ६. उरलेले १३२ जण नोकरीस होते. विलासनौकांच्या दुनियेतील आपले स्थान कोणते, हे समजण्यास एवढी त्रैराशिकाची बाब पुरेशी आहे.

मार्चमध्ये 'रुबी प्रिन्सेस' सिडनीस आली. सुमारे २,६५० उतारू १९ मार्च रोजी तपासणीवाचून शहरात उतरले. पुढे त्या नौकेशी निगडित २८ मृत्यूंची नोंद झाली. उतारू उतरले, पण खलाशी? एक हजाराच्या घरात असलेले ते लोक समुद्रात व नंतर पोर्ट केम्ब्लाच्या धक्क्यावर एप्रिलच्या उत्तरार्धापर्यंत राहिले. अमेरिकेने १४ मार्च रोजी या नौकांच्या संचारावर बंदी घातली, आणि त्यानंतर महिन्याभराने तिथल्या आरोग्य खात्यानेच हिशेब दिला की देशाच्या किनाऱ्यांलगत सुमारे १०० नौका उभ्या असून त्यांवर जवळजवळ ८०,००० खलाशी आहेत. त्यांना घरी पाठवायचे तर सार्वजनिक विमानाने न पाठविता स्वतंत्र वाहनाने पाठवावे आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांनी तशी लेखी हमी द्यावी, अशी अट होती. अट खर्चाची होती. माणसे आठवडेच्या आठवडे खितपत पडली.

दोष एकट्या कंपन्यांचा होता असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या सरकारनेही मार्चअखेर दारे लावून घेतली होती. मुंबईच्या तोंडाशी नौका उभ्या, त्यांवर आपलीच मुले, किनारा डोळ्यांना दिसतो आहे आणि पाय लावण्याची परवानगी नाही, असा प्रसंग या देशाने पाहिला. खलाशांच्या उतरण्याविषयीचे नियम २१ एप्रिल २०२० रोजी निघाले, तेव्हा कोठे 'मरेला डिस्कव्हरी'वरील भारतीय खलाशी मुंबईस उतरले. इटलीत अडकलेल्यांना घेऊन खास विमाने दाबोळीस येऊ लागली ती मे महिन्यात. तोवर गोमंतकातील घराघरांत एकच प्रश्न होता : तारवार गेलेला केव्हा येणार?

आता ज्यांचे नाव आकड्यांत येते त्यांचे काय झाले ते पाहू. कार्निव्हल कंपनीला २०२० साली दहा अब्ज डॉलरांहून अधिक तोटा आला. तिने एप्रिलमध्ये साडेअकरा टक्के व्याजाने रोखे विकून श्वास टिकविला. २०२४ साली तिचे उत्पन्न २५ अब्ज डॉलरांवर, म्हणजे तोवरच्या उच्चांकावर गेले. त्याच वर्षी जानेवारीत 'आयकॉन ऑफ द सीज' ही अडीच लाख टनांच्या घरातील नौका मायामीहून निघाली; तीवर ७,६०० उतारू मावतात आणि त्यांच्या दिमतीस २,३५० खलाशी असतात. एका खोलीत दोन माणसे म्हणजे शंभर टक्के, असा या धंद्याचा हिशेब आहे. तिसरे माणूस आले की टक्केवारी शंभराच्या वर जाते. २०२४ साली कार्निव्हलच्या नौका सरासरी १०५ टक्के भरल्या होत्या. या जादा उताऱ्यांची अंथरुणे झटकणारा हात मात्र त्याच प्रमाणात वाढला काय, हे टक्केवारी सांगत नाही. संघटना रोजगाराचाही आकडा देते, नाही असे नाही. २०२३ साली १६ लाख रोजगार, असे ती म्हणते. पण त्या एका गाठोड्यात नौकेवरचा खलाशी, नौका बांधणारा कारागीर आणि बंदरावरचा टॅक्सीवाला असे सगळेच बांधलेले आहेत. उतारू मोजला जातो तो माणूस म्हणून. खलाशी मोजला जातो तो उपकाराच्या यादीत.

कायद्याची गोष्ट याहून उद्बोधक आहे. २०२० साली कार्निव्हलची नोंदणी पनामात होती, रॉयल कॅरिबियनची लायबेरियात, नॉर्वेजियनची बर्म्युडात. यांच्या मोठमोठ्या कचेऱ्या मायामीस आणि गिऱ्हाईक मुख्यतः अमेरिकेचे. तथापि त्या मार्चमध्ये अमेरिकेने मोठ्या उद्योगांसाठी मदतीचा कायदा केला, तेव्हा परदेशी नोंदणीमुळे या कंपन्या त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. कर देण्याच्या वेळी परके, म्हणून मदतीच्या वेळीही परके! यात आम्हास काही गैर वाटत नाही. परंतु त्याच परकेपणाची शिक्षा ज्याने नोंदणीचा कागद कधी पाहिलाही नाही त्या खलाशाला का? नौकेवर बहामाचे निशाण, मालक पनामाचा, कचेरी फ्लोरिडात, भरती मुंबईच्या दलालाकडून, आणि राबणारा काणकोणचा. त्याने दाद मागावयाची ती कोणाकडे?

न्यायालयांचा इतिहास पाहा. १९९१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कार्निव्हलच्याच एका खटल्यात असा निर्णय दिला की, तिकिटाच्या बारीक छपाईत फ्लोरिडाचे न्यायालय लिहिले असेल, तर देशाच्या दुसऱ्या टोकाच्या वॉशिंग्टन राज्यातील जखमी उतारूनेही फ्लोरिडातच गेले पाहिजे. हे उतारूचे. खलाशाचे त्याहून बिकट. मे २००३ मध्ये 'नॉर्वे' नावाच्या विलासनौकेवर मायामी बंदरात बाष्पकाचा स्फोट होऊन ८ खलाशी मेले. अपघात अमेरिकेच्या बंदरात, कंपनीची कचेरी अमेरिकेत. तरीही मृतांच्या वारसांचे व जखमींचे दावे अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २००५ साली फिलिपिन्समधील लवादाकडे धाडले, कारण नोकरीच्या करारात तसे कलम होते. ती नौका पुढे कोठे आली? गुजरातच्या अलंग किनाऱ्यावर, मोडीत निघण्यासाठी. म्हणजे या धंद्याचा विलास पश्चिमेकडे आणि घाम व भंगार पूर्वेकडे, अशी वाटणी फार आधीच ठरून गेली आहे.

यास उजेडाची एक बाजूही आहे, ती सांगणे न्यायाचे होईल. 'रुबी प्रिन्सेस'च्या उतारूंनी ऑस्ट्रेलियात सामुदायिक दावा लावला. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने कंपनीस निष्काळजीपणाबद्दल दोषी धरले. आणि डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सामुदायिक दावा करणार नाही असे उतारूकडून लिहून घेणारे कलम अन्याय्य म्हणून निरर्थक ठरविले. बारीक छपाई ही काही ब्रह्मवाक्य नव्हे, हे तेथे सिद्ध झाले. परंतु लाभ झाला तो उतारूंना. खलाशाच्या करारावर असा निकाल मिळवून देणारा त्राता अजून निघावयाचा आहे.

आमच्यावर आक्षेप येईल तो ठाऊक आहे. कोणी म्हणेल, खलाशाला बळजबरीने कोण नेतो? तो आपण होऊन जातो, डॉलर कमावतो, बार्देशात आणि साष्टीत जी टुमदार घरे दिसतात ती याच पैशाची. अगदी खरे. गोमंतकीय माणूस गेले शतकभराहून अधिक काळ बोटींवर आचारी आणि वाढपी म्हणून जात आला. मुंबईस धोबीतलावाच्या परिसरात गावोगावच्या कुडी उभ्या राहिल्या त्या याच खलाशांसाठी. बोट मिळेपर्यंत तेथे अंग टाकावयाचे. ज्या पी. अँड ओ. च्या आगबोटींवर आपले आजे-पणजे गोऱ्या खलाशाहून कमी पगारावर राबले, त्या कंपनीच्या विलासनौका २००३ पासून कार्निव्हलच्या कुटुंबात आहेत. तेव्हा या धंद्याचे आणि आपले नाते पिढ्यांचे आहे. म्हणूनच तर आमचे म्हणणे आहे की धंदा बुडावा असे नव्हे, तर धंद्यात जो पिढीजात भागीदार आहे त्याला भिकाऱ्यासारखे वागवू नये. गरज आहे म्हणून माणूस अटी मान्य करतो, यावरून अटी न्याय्य ठरत नाहीत. सावकारापुढे अंगठा उठविणारे कूळही आपण होऊनच जात असे; म्हणून काय कुळकायदे करू नयेत?

दुसरा आक्षेप असा की, कायदे आहेतच. आहेत. २००६ सालचा सागरी श्रमिकांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ साली मान्य केला. आठवड्यास ७२ तासांहून अधिक काम नको, वर्षाच्या आत घरी पाठवावे, तेही मालकाच्या खर्चाने, असे त्यात आहे. नौकामालकाने खलाशास टाकून दिले तर चार महिन्यांच्या पगारापर्यंतची आर्थिक हमी आहे. परंतु २०२० साली बहुतेकांना कोणी 'टाकून' दिले नव्हते. त्यांना नौकेवर ठेवून जेवू घातले जात होते. म्हणून हमीचे कलम जागचे हलले नाही. कायदा होता, पण ज्या दिवशी लागला त्या दिवशी उपयोगी पडला नाही. त्या वर्षाच्या अखेरीस सर्व प्रकारच्या जहाजांवर मिळून मुदत उलटलेले चार लाख खलाशी अडकल्याचा अंदाज आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने दिला होता.

आज हा विषय काढण्यास निमित्त आहे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने 'क्रूझ भारत मिशन' सुरू केले. २०२९ पर्यंत सागरी विलासनौकांचे उतारू दहा लाखांवर न्यावयाचे आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईस नव्या टर्मिनलाचे उद्घाटन झाले; मुरगावातही टर्मिनलाचे काम हाती घेण्यात आले. म्हणजे आजवर आपण केवळ माणसे पुरवीत होतो, आता बंदरही देणार. जो बंदर देतो त्याला अट घालता येते. व्हेनिसने ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या नौकांना सान मार्कोच्या समोरून जाण्यास बंदी केली. म्हणून काही तेथील उतारू आटले नाहीत. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून नववर्षासाठी आलेल्या नौकेवर ६६ जण बाधित निघाले, तेव्हा गोव्यानेही त्यांना उतरू न देता नौका परत पाठविली होती. तेव्हा नाही म्हणण्याचे सामर्थ्य आपल्यापाशी आहे. ते केवळ साथीच्या भयाने वापरावयाचे की आपल्या माणसासाठीही, एवढाच प्रश्न आहे.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. मुरगावी व मुंबईस येणाऱ्या प्रत्येक विलासनौकेची, निशाण कोणाचेही असो, श्रमिक-कराराप्रमाणे तपासणी व्हावी आणि तिचा निष्कर्ष बंदराने कोकणी व मराठीत प्रसिद्ध करावा. आंतरराष्ट्रीय करार बंदराच्या देशास हा अधिकार देतो. भरती करणाऱ्या परवानाधारक दलालाने कराराची प्रत खलाशाच्या भाषेत द्यावी, आणि तंट्याचे स्थळ भारतात असावे. साथीमुळे वा सरहद्दी बंद झाल्याने अडकून पडणे हेही हमीच्या कक्षेत आणावे. १९५८ च्या कायद्याच्या जागी संसदेने २०२५ साली नवा व्यापारी नौवहन कायदा केला आहे, त्याखालील नियम करताना ही उणीव भरून काढता येईल. आणि जेव्हा जेव्हा उतारूंचा आकडा जाहीर होईल, तेव्हा त्याशेजारी त्या नौकांवरील खलाशांचा, त्यांच्या सरासरी मुदतीचा आणि मुदत उलटून राहिलेल्यांचा आकडाही जाहीर व्हावा.

हे झाल्यावर धंदा पूर्वपदावर आला असे खुशाल म्हणा. तोवर आम्ही एवढेच म्हणू की, उतारू परत आले, भागधारक परत आले, नव्या नौका आल्या. आणि पुढची साथ आली तर आपला माणूस पुन्हा २०२० च्या एप्रिलमध्येच सापडेल, अशी आजची व्यवस्था आहे. ती बदलण्याची वेळ टर्मिनल बांधून पूर्ण होण्यापूर्वीची आहे, नंतरची नव्हे. गोमंतकाच्या विधानसभेतील व संसदेतील प्रतिनिधींना हा प्रश्न विचारण्याचे काम वाचकांचे आहे, आणि त्यांनी तो विचारावा.