जनुक-संपादित मेंढी : वेदनेचा हिशेब कोण ठेवणार?

नवी दिल्ली : काश्मीरमधील शेर-ए-काश्मीर कृषी विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाने मे २०२५ मध्ये देशातील पहिल्या जनुक-संपादित मेंढीची घोषणा केली. स्नायूंच्या वाढीला आवर घालणाऱ्या मायोस्टॅटिन या जनुकात क्रिस्पर तंत्राने बदल केल्यामुळे स्नायूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढते आणि तिच्यात परकीय जनुक नाही, असे संशोधकांचे म्हणणे आहे. २०१२ मध्ये ‘नूरी’ ही पश्मिना शेळी क्लोनिंगद्वारे जन्माला घालणाऱ्या या विद्यापीठाचे यश निर्विवाद आहे. मात्र त्यातून उद्भवणारा नैतिक प्रश्न अद्याप पुरेशा गांभीर्याने चर्चिला गेलेला नाही.

मायोस्टॅटिनमधील बदल निसर्गातही आढळतात. टेक्सेल मेंढ्यांमध्ये असा बदल पिढ्यान्‌पिढ्या आहे. याउलट ‘बेल्जियन ब्लू’ जातीच्या गाईंची वासरे इतकी पुष्ट असतात की, प्रसूतीसाठी सर्रास शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणजेच एकाच जनुकातील बदलाचे परिणाम प्रजातीनुसार आणि बदलाच्या स्वरूपानुसार भिन्न असू शकतात. एका निरोगी कोकरावरून पुढील पिढ्यांविषयी निष्कर्ष काढणे म्हणूनच घाईचे ठरेल.

भारतात प्राण्यांवरील प्रयोगांना प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० लागू आहे. प्रयोगापूर्वी, प्रयोगादरम्यान आणि प्रयोगानंतर प्राण्याला अनावश्यक वेदना होऊ नयेत, ही जबाबदारी या कायद्याखालील केंद्रीय समितीवर आहे. प्रयोगाला आरंभ आणि शेवट असतो, हे या तरतुदीत गृहीत आहे. जनुक-संपादनात मात्र प्राण्याचे शरीर हाच प्रयोग असतो. तो जन्मभर चालतो आणि संततीतही उतरतो.

अशा संशोधनावर सरसकट बंदी हा मार्ग नव्हे. विशिष्ट जनुक निष्क्रिय केलेल्या उंदरांमुळे अनेक आजारांचे आकलन वाढले. त्या तंत्राच्या जनकांना २००७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. तथापि, कर्करोगाचे मूळ शोधण्यासाठी सोसायला लावलेली वेदना आणि मांसाचे उत्पादन वाढवण्यासाठी सोसायला लावलेली वेदना एकाच तराजूत तोलता येणार नाहीत. कर्करोगप्रवण ‘ऑन्कोमाऊस’च्या प्रकरणात युरोपीय पेटंट कार्यालयाने प्राण्याचे दुःख आणि मानवजातीचा लाभ यांची तुलना करण्याचा निकष लावला होता. हेतूची अशी चिकित्सा आपल्याकडेही व्हायला हवी.

येथे धोरणाचा मुद्दा येतो. परकीय जनुक नसलेल्या जनुक-संपादित वनस्पतींना केंद्राने मार्च २०२२ मध्ये १९८९ च्या नियमांतील काही कठोर तरतुदींतून वगळले. त्याच वाटेने मे २०२५ मध्ये भाताचे दोन जनुक-संपादित वाण जाहीर झाले. ही सवलत प्राण्यांसाठी नाही. ती उद्या मागितली गेली, तर ‘परकीय जनुक नाही’ हा युक्तिवाद पुरेसा मानता येणार नाही. तो जैवसुरक्षेच्या शंकेचे उत्तर देतो, वेदनेच्या नव्हे. भाताच्या रोपाला प्रसूतीच्या कळा सोसाव्या लागत नाहीत.

त्यामुळे परवानगीच्या वेळच्या एका तपासणीवर थांबणे योग्य नाही. प्रत्येक जनुक-संपादित प्राण्याच्या आरोग्याची जन्मापासून मृत्यूपर्यंत नोंद ठेवणे बंधनकारक करावे. त्यात गर्भपात, मृत जन्म आणि फसलेले प्रयत्नही असावेत, तसेच ती नोंद जनतेसाठी खुली असावी. यशस्वी कोकराचे छायाचित्र देशाने पाहिले आहे. त्या यशाची किंमत कोणत्या जिवांनी मोजली, हेही देशाला कळले पाहिजे.